रडता काय बग

कल्पितानं दशरथचे दोन्ही हात मनगटाशी धरले आणि सरळ आपल्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला नेऊन टेकवले.

"दाब आता. मी काय करंट मारत नाय."

दशरथनं हात ठेवले खरे, पण तळवे अर्धवट उचललेलेच राहिले. तवा तापलाय का बघताना ठेवावेत तसे. चोपन्न वर्षांचा माणूस, लग्न राहून गेलेला, तीस वर्षं लिफ्टच्या मशिनरूममध्ये काढलेली. परक्या बाईच्या पाठीला हात लावायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. बोरिवलीच्या त्या लायब्ररीवरच्या हॉलमध्ये अकरा माणसं होती आणि त्यांत पुरुष तो एकटाच. बाकी सगळ्या सुना, मुली आणि कुणाची तरी एक नात. प्रत्येकीच्या घरी एक विसरत चाललेलं माणूस होतं.

"अंगठे मणक्याच्या दोन्ही बाजूंना," रुचिरा समोरून म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट. दर रविवारी सकाळी हे वर्ग घ्यायची. "कल्पिताताई, खोल श्वास घ्या. दशरथदादा, तुमचे अंगठे एकमेकांपासून लांब जातात का ते बघा. अहो, वाकून काय बघताय? हातांनीच बघायचं."

कल्पितानं श्वास घेतला. ती गोराईची कोळीण, उभ्या जन्मात टोपल्या वाहिलेली. तिच्या बरगड्या अशा काही उघडल्या की दशरथचे अंगठे चांगले तीन बोटं फाकले. तो चपापला आणि मग त्याला गंमत वाटली. मोटरवर तळवा ठेवून बेअरिंग गेलंय का ते तो रोजच सांगायचा. माणसाच्या पाठीतही असं काही कळतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तीन बोटं," तो म्हणाला.

"मस्त. आणि आईंचे किती?"

"अर्धं. तेवढंसुद्धा नाही."

रुचिरा त्याच्याजवळ येऊन बसली. त्याच्या आईची, वनमालाबाईंची गोष्ट तिला माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. घास चुकीच्या वाटेनं फुफ्फुसात उतरायचा आणि खोकून बाहेर काढायची ताकद छातीत उरली नव्हती. नऊ दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या. निघताना डॉक्टर दशरथला बाजूला घेऊन म्हणाले होते, पुढच्या वेळी घशात नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की काढता येईलच असं नाही. छातीचे स्नायू चालते ठेवा, खोकला काढायला शिकवा, तेवढंच हातात आहे. म्हणून तो इथं आला होता. हा तिसरा रविवार.

"घरी करून बघितलंत?"

"रोज बघतो. हात ठेवला की श्वास घेते थोडा. आणि मग थांबते."

"सोडत नाहीत?"

"नाही. धरूनच ठेवते. मी सांगतो, सोड, सोड. मग माझ्यावरच डोळे वटारते."

"घाबरतात का स्पर्शाला?"

दशरथनं जरा विचार केला. "घाबरत नाही. कान देते."

"म्हणजे?"

"काहीतरी ऐकत असते. बोट ओठावर ठेवते आणि मला म्हणते, गप रव, रडता काय बग. म्हणजे कुणी रडतंय का ते बघ. वरच्या मजल्यावर एक बाळ आहे, त्याचं म्हणत असेल असं आपलं मी समजतो. पण ते मे महिन्यात गावी गेलं होतं, तेव्हाही म्हणायचीच."

रुचिरानं स्वतःचा श्वास रोखून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे ताकद नाही असं नुसतं नाहीये. त्या श्वास मुद्दाम थांबवतायत. ऐकायचं तर आपण श्वास रोखतोच ना, आपल्याच श्वासाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून." ती उठली. "एक करा. माझे शब्द वापरू नका. श्वास घ्या, रोखा, सोडा, हे पुस्तकातलं मराठी त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल. घरात जे बोलता ते बोला. मालवणी ना तुमची?"

"हो."

"मग मालवणीत सांगा. पोटावर हात, खोल श्वास, आणि खालून वर जोर."

नंतर जोड्या फिरल्या आणि कल्पिताच्या हाती दशरथची छाती आली. तिनं कसलाही संकोच न करता त्याला समोर बसवलं, एक हात पोटावर, एक गळ्याखाली. तिचा सासरा चंदर दिवसभर खाटेवर बसून चादर ओढत बसायचा. जाळं ओढतोय असं त्याला वाटायचं, आणि संध्याकाळी म्हणे विचारायचा, आज मावरा एवढा कमी कसा. हे सांगताना ती हसायची आणि मग हसू तसंच चेहऱ्यावर विसरून गप्प व्हायची.

"नाकानं घे रे, तोंडानं नाय," ती म्हणाली, आणि वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागली. "काय रे, नाक टोचलंय तुझं?"

दशरथनं नकळत डाव्या नाकपुडीला हात लावला. भोक कधीच बुजलं होतं, तिळाएवढा खड्डा तेवढा उरला होता. दाढी करताना वस्तरा तिथं जपून फिरवायचा एवढाच त्याचा त्या खड्ड्याशी संबंध.

"लहानपणी टोचलेलं. नवसाचा होतो म्हणून."

"नवसाचा काय? आमच्यात पण टोचतात की. पहिला पोरगा राहिला नाय की दुसऱ्याचं नाक टोचायचं. पोरगी समजून काळ मागं फिरतो." तिनं पोटावरचा हात जरा दाबला. "तुझ्या आधीचा एक गेला असणार. काय झालेलं त्याला?"

तिच्या हाताखाली दशरथचं पोट हलायचं थांबलं.

"अरे, श्वास घे ना. थांबलास कशाला?"

*

बोरिवलीहून चारकोपला जायला त्यानं बस पकडली आणि दोन थांबे पुढं उतरला. म्हणजे उतरायचं राहूनच गेलं. मागं चालत येताना ऊन डोक्यावर होतं, आणि त्याच्या मनात एकामागून एक गोष्टी येऊन बसत होत्या. कुणीही न बोलावलेल्या पाहुण्यांसारख्या.

आई कुणाच्याही मयताला जायची. ओळख असो नसो, पदर खोचून पुढं. पण बारशाला कधी गेली नाही. सख्ख्या भावाच्या नातवाच्या बारशालाही नाही. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. बाबा गिरणीतून आले की तिला हसायचे, तुझं डोकं बरं बारशालाच दुखतं. ते गेल्याला वीस वर्षं झाली. त्यांना ठाऊक असेल? असणारच. ते वर्षातून एकदा चतुर्थीला गावी जायचे त्या काळातली गोष्ट असणार.

आणि ते चिमटे. लहानपणी तो दुपारचा झोपला की आई मध्येच येऊन मांडीला चिमटा काढायची. जोरात, कळवळून उठेल असा. तो भोकाड पसरायचा, मग ती त्याला उचलून घ्यायची आणि मुके घ्यायची. बाबा वैतागायचे, "झोपलेल्या पोराला कशाला रडवतेस गं?" ती मुके घेतच राहायची. मोठेपणी दशरथनं हे मित्रांना विनोद म्हणून सांगितलं होतं. आमची आई म्हणजे अशी, झोपू द्यायची नाही. लोक हसायचे. तोही हसायचा.

चोपन्न वर्षं एका घरात राहून त्याला आपल्या आधी कुणी होतं हे एका कोळणीकडून कळावं, याचा त्याला राग आला. मग राग कुणावर धरायचा ते कळेना. आईला विचारायला हवं होतं, आणि विचारायची वेळ दोन वर्षांपूर्वीच निघून गेली होती. आता ती त्याला कधी दादा म्हणायची, कधी डॉक्टर, कधी मेल्या. दशरथ म्हणायची नाही.

दारातच शेजारच्या नलिनीवहिनी भेटल्या. तो बाहेर असला की किल्ली त्यांच्याकडे असायची.

"बरं झालं आलात. सकाळी पेज पाजताना ठसका लागला त्यांना. थोडाच लागला, पण तेव्हापासून छातीत बघा काहीतरी वाजतंय."

खरंच वाजत होतं. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होतं, हुक्क्यात पाणी हलावं तशी घरघर. वनमालाबाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, चेहरा निमुळता, डोळे दाराकडे. दशरथनं कपाळाला हात लावला. ताप नव्हता, अजून नव्हता. दोन महिन्यांपूर्वी हे असंच सुरू झालं होतं, सकाळी ठसका आणि संध्याकाळी रुग्णवाहिका.

त्यानं रुचिराला फोन लावला.

"आत्ता लगेच काढायला बघा," ती म्हणाली. "बसतं करा, थोडं पुढं झुकवा. शिकवलंय तसं. तीन-चार प्रयत्न. नाही निघालं, ओठ निळे दिसले तर थांबू नका, सरळ दवाखाना. आणि दादा, घाई त्यांना जाणवू देऊ नका."

नलिनीवहिनी गॅसवर काहीतरी ठेवून आल्या होत्या, त्या जाऊन येते म्हणाल्या. दार ओढलं गेलं. समोरच्या बिल्डिंगचं पाडकाम चाललं होतं, पण रविवार असल्यामुळं तेही बंद होतं. दुपारचे दोन वाजत आले होते. सेक्टरमध्ये एवढी शांतता फक्त याच वेळी असायची.

दशरथ खाटेच्या कडेला बसला. एक हात आईच्या बरगड्यांवर, एक पोटाच्या वरच्या भागावर. हाताखाली नुसती हाडं होती आणि त्यांच्या आत ती घरघर, तळव्याला थरथर लागेल अशी.

"आये, श्वास घे बघू."

तिनं घेतला, अर्धाच. मग थांबली. बोट ओठांवर गेलं.

"गप रव. रडता काय बग."

इतके दिवस तो या वेळी म्हणायचा, वरचं बाळ झोपलंय, आये, सोड श्वास. आज त्याला ते म्हणता आलं नाही. आई जिकडं कान देत होती तिकडं त्यानंही बघितलं. तिथं कपाट होतं, कपाटावर तिची औषधं होती, आणि तरी त्याच्या मानेवर काटा आला. खोलीत आपल्याखेरीज अजून कुणीतरी आहे आणि ते आपल्यापेक्षा मोठं आहे, दोन-तीन वर्षांनी मोठं, असं त्याला स्वच्छ वाटलं. भीती वाटली ती मेलेल्याची नव्हती. आपण या घरात उगाच मध्ये येऊन बसलो आहोत की काय, त्याची होती.

घरघर वाढली. तो भानावर आला.

"आये, हयसर बग. माझ्याकडे. पोटात श्वास घे. आता जोर कर."

तिनं त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, नीट.

"जोर कर, आये. खालसून. अजून जोर कर."

तिचा हात खाटेच्या लोखंडी बारकडे गेला आणि मूठ आवळली. दुसऱ्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं. गुडघे वर आले, हनुवटी छातीला लागली, आणि त्या वाळक्या शरीरात कुठं होती कोण जाणे एवढी ताकद, सगळी एकदम खाली उतरली. तिचा चेहरा लाल झाला.

"येता," ती दातांतून म्हणाली. "गे सुईणी, येता."

दशरथला कळलं. हात काढून घ्यावेत असं त्याला झालं. आईला असं बघू नये, मुलानं तर नाहीच. पण हाताखाली पहिल्यांदाच बरगड्या उघडत होत्या, अंगठे फाकत होते, एक बोट, दीड बोट, आणि आतली घरघर वर सरकत होती. त्यानं दात आवळले आणि शिकवलं होतं तसा तळवा पोटाकडून वर दाबला.

"इलो, इलो," तो म्हणाला. सुईणीनं 'आला, आला' म्हणावं तसे हे शब्द त्याला कुठून सुचले ते त्यालाही सांगता आलं नसतं. "अजून एक. शेवटची कळ. दी."

तिनं दिली. मोठ्यानं, पार पोटातून, आणि त्या जोराच्या शेवटी खोकला फुटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घट्ट, पिवळट बेडका तोंडात आला आणि दशरथनं तो बोटाला रुमाल गुंडाळून काढला. मग आणखी एक. पेजेची दोन शितं त्यात दिसली. त्यानं तिला पुढं झुकवून पाठ चोळली. घरघर थांबली होती. रुचिराला सांगायला हवं, त्याच्या मनात आलं, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसला.

आई हसत नव्हती. ती उशीवर मागं पडली होती, कपाळावर घाम, नजर छताला. तिनं एक खोल श्वास घेतला आणि धरला.

त्यानं वाट बघितली. श्वास सुटला नाही.

"आये, झाला. सोड आता."

बोट ओठांवर. ती ऐकत होती. तिच्या गळ्याची शीर उडत होती. दशरथनं मनातल्या मनात आकडे मोजले, दहा झाले, पंधरा झाले. वीसला तिचे ओठ फिके पडायला लागले. त्यानं खांदा हलवला, गालावर थापट्या मारल्या, पण तिचे डोळे कपाटाच्या दिशेला गेले होते आणि त्यांत एवढी आर्त वाट बघणं होतं की त्याला ते सोसवेना.

"रडूक नाय," ती म्हणाली. शब्दांबरोबर जेवढा श्वास गेला तेवढाच गेला, पुढचा आत आला नाही. "कसो रडणा नाय गे? मारा त्येका. चिमटो काडा."

म्हणजे असं झालं होतं तर. एका अंधाऱ्या खोलीत बावीस वर्षांची एक मुलगी श्वास रोखून पडली होती, आणि बायका पोर उचलून घेऊन गेल्या होत्या, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिथून पुढं ती ऐकतच राहिली होती. स्वयंपाक करताना, रेशनच्या रांगेत उभी असताना, त्याच्या शाळेचा डबा भरताना. माणसं विसरली, घर विसरली, नवरा मेलेला विसरली; हे तेवढं राहिलं.

दशरथनं तोंड उघडलं. बाळासारखा आवाज काढायचा त्यानं प्रयत्न केला आणि जे बाहेर आलं ते मांजराचंही नव्हतं. तिनं कपाळाला आठी घातली. त्याला लाज वाटली, स्वतःचा राग आला. एक साधं रडणं जमू नये. बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता, कारण कागदपत्रं करायची होती. आई पहिल्यांदा त्याला डॉक्टर म्हणाली त्या दिवशी संध्याकाळी तो कांदिवलीला एका सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करत होता आणि काम नीट पार पडलं होतं.

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. या वेळी काढायला लागलं नाही. ते आपणच आलं, जाड, भसाडं, थांबवता न येणारं, चोपन्न वर्षांच्या माणसाचं. तो रडला. खाटेचा बार धरून, नाक गळेपर्यंत, बाजूच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडला.

"रडलो," आई म्हणाली.

तिचा श्वास सुटला. लांब, सावकाश, जसा काही कधीचा आत अडकलेला. मग नवा आत गेला.

"काय झाला?" तिनं विचारलं. "झील?"

"झील," मुलगाच झाला असं तो कसाबसा म्हणाला.

"हकडे दी."

तिनं दोन्ही हात पुढं केले. दशरथनं आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं. द्यायला काही नव्हतं. मग तो खाटेशी गुडघ्यावर बसला आणि पांढरं झालेलं आपलं डोकं त्यानं तिच्या मांडीत दिलं.

दार वाजलं, नलिनीवहिनींची हाक आली, काय झालं हो, कोण रडतंय? त्यानं डोकं तसंच ठेवलं. आईची बोटं त्याच्या केसांतून फिरत होती, चाचपत होती, कान आहेत ना, कपाळ आहे ना. त्याच्या डोक्याला लागून तिचं पोट वर येत होतं आणि खाली जात होतं, कुठंही न थांबता.

"खय होतंस रे इतके दिस?" तिनं विचारलं.

दशरथनं डोळे मिटले.

"हयच होतंय, आये."